विमानाने जात नाही, मग थांबायचं कशाला?

स्कूबा डाइव्ह केल्यावर लगेच विमानात बसू नका, काही तास थांबा, असं सांगतात. त्यावर तारकर्लीहून स्कूबा करून परतणाऱ्या नाशिककरांकडून हे वर्षानुवर्षं ऐकतोय: "आपण कुठे विमानाने चाललोय? आणि मनगटावर खोली-वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर आहेच की, धोका असेल तर तो सांगेल."

दोन्ही समज चुकीचे आहेत. शरीराला विमान कळत नाही, कळतो तो हवेचा उतरलेला दाब. पाण्याखाली जास्त दाबाने श्वास घेताना हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो; दाब उतरला की त्याचे शरीरातच घातक बुडबुडे होऊ शकतात. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो, आणि आपलं कळसूबाई १६४६ मीटर. शनिवारी दुपारी डाइव्ह, रविवारी पहाटे कळसूबाई हा बेत म्हणूनच मला धोक्याचा वाटतो.

कॉम्प्युटर भोवतालचा दाब मोजतो. उरलेल्या नायट्रोजनचा मात्र तो गणिताने अंदाज बांधतो. तुम्ही पुढे घाट चढणार, हे त्याला ठाऊक नसतं. काही मॉडेलांत तर 'अजून विमानात बसू नका' सांगणारं विमानाचं चिन्ह म्हणजे निव्वळ २४ तासांची उलटी मोजणी.

एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास थांबा, अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८. डिकम्प्रेशनचे थांबे (वर येताना नायट्रोजन हळूहळू निघून जावा म्हणून वाटेत थांबणं) घ्यावे लागले असतील तर त्याहून बरंच जास्त. हे आकडे सुमारे ६०० ते २४०० मीटर उंचीसाठीचे आहेत, आणि नाशिक साधारण त्या खालच्या रेषेवरच वसलंय.