काळजी घ्यायची इथं, काळजी करायची तिथं

इटलीतल्या पादोव्हा किंवा ब्रेशासारख्या शहरात गुरुवारी दुपारी स्टेशनजवळच्या बागेत गेलात, तर बाकांवर चाळिशी-पन्नाशीच्या बायका घोळक्यानं बसलेल्या दिसतात. कुणी डब्यातून काहीतरी करून आणलेलं असतं, कुणी फोन कानाला लावून जरा बाजूला उभी असते. बोलणं रोमेनियन किंवा युक्रेनियन भाषेत चाललेलं असतं. संध्याकाळ झाली की बाग रिकामी होते आणि मग थेट रविवारी पुन्हा भरते. गुरुवारची दुपार आणि रविवार ही इटलीत घरकाम करणाऱ्यांच्या सुट्टीची जुनी वहिवाट आहे. उरलेले सगळे दिवस या बायका कुणाच्या तरी आजी-आजोबांजवळ, त्यांच्याच घरात असतात.

रविवारी याच बायका शहराबाहेरच्या एखाद्या पार्किंगमध्ये भेटतात. पूर्वेकडून आलेल्या मिनीबस तिथं लागलेल्या असतात. चिकटपट्टीनं बांधलेली खोकी, वर मार्करनं गावाचं नाव आणि फोन नंबर. आत कॉफी, पास्ता, ऑलिव्हचं तेल, कपडे धुण्याची पावडर, मुलाचे बूट. बुटांचा नंबर आधी फोनवर विचारून घ्यावा लागतो, कारण मागच्या भेटीनंतर पाय किती वाढला हे आईला माहीत नसतं. दोन दिवसांनी खोकं घरी पोचतं आणि येताना तीच बस लोणच्याच्या बरण्या आणि मध घेऊन येते.

या बायकांना इटलीत 'बादान्ते' म्हणतात. 'बादारे' म्हणजे लक्ष ठेवणं, राखणं, आणि बादान्ते म्हणजे राखणारी. पुण्या-मुंबईत आपण 'चोवीस तासांची बाई' म्हणतो, तेच हे काम. अनेकांना हा शब्द खटकतो, कारण राखायची ती गुरं किंवा सामान, माणसाला सांभाळायचं असतं. सरकारदरबारी आता 'कुटुंब सहायक' असा शब्द वापरतात, पण बोलण्यात बादान्तेच टिकून आहे.

युरोपातलं स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भूमध्य समुद्रातल्या बोटी येतात. ती मोठी आणि दुःखाची गोष्ट आहेच. पण गेल्या तीस वर्षांत युरोपच्या आतल्या आत, पूर्वेकडून पश्चिमेकडे, बायकांचं जे स्थलांतर झालं, त्याचा फोटो क्वचितच छापून येतो. बंद दारामागचं काम असल्यामुळे ते कुणाला दिसत नाही. समाजशास्त्रज्ञांनी मात्र त्याचा फार बारकाईनं मागोवा घेतला आहे.

इटलीच का, ते आधी पाहू. जगातल्या सर्वांत वयस्क देशांपैकी हा एक. इथं जवळजवळ दर चौथा माणूस पासष्टीच्या पुढचा आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना घरातच सांभाळायचं ही रीत आपल्यासारखीच घट्ट, वृद्धाश्रम त्यामानानं कमी. पूर्वी हे काम मुली-सुना करत. त्या नोकरीला बाहेर पडल्या, पण त्यांची जागा घ्यायला सरकारी सेवा पुरेशी आली नाही आणि पुरुषही आले नाहीत. सरकार मात्र 1980 पासून परावलंबी माणसाला दरमहा भत्ता देतं. आज तो 500 युरोंहून थोडा जास्त आहे आणि कशावर खर्च केला याचा हिशेब कुणी मागत नाही. भत्त्यात घरातले थोडे पैसे घातले की दुसऱ्या देशातली एक बाई ठेवता येते. फ्रांचेस्का बेत्तियो आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी 2006 मध्ये या बदलाला नेमकं नाव दिलं: कुटुंबाच्या भरवशावरची व्यवस्था जाऊन 'कुटुंबातल्या परदेशी बाई'च्या भरवशावरची व्यवस्था आली.

आधी, साठ-सत्तरच्या दशकांत, आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवरच्या आणि फिलिपिन्समधल्या बायका चर्चच्या ओळखीनं आल्या होत्या. पूर्व युरोपातल्या साम्यवादी राजवटी कोसळल्यावर चित्र पालटलं. कारखाने बंद पडले आणि पगाराला किंमत राहिली नाही. शिक्षिका, परिचारिका, हिशेबनीस असलेल्या बायका पर्यटनाच्या व्हिसावर निघाल्या आणि मुदत संपल्यावर तिथंच राहिल्या. मोल्दोव्हासारख्या छोट्या देशात 2000 च्या दशकात एक वेळ अशी आली, की परदेशातून येणारा पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ गेला. रोमेनिया 1 जानेवारी 2007 रोजी युरोपीय संघात आला आणि आज इटलीतला सर्वांत मोठा परदेशी समाज रोमेनियनांचाच आहे, दहा लाखांहून अधिक.

सरकारला हे सगळं ठाऊक होतं. 2002 मध्ये, स्थलांतराबद्दल कडक म्हणवणाऱ्या सरकारनंच कागदपत्रं नसलेल्यांना परवाने द्यायची मोहीम काढली. सुमारे सात लाख अर्ज आले आणि त्यातले जवळपास निम्मे घरकाम व सेवाशुश्रूषा करणाऱ्यांचे होते. 2009 मध्ये तर फक्त त्यांच्यासाठीच मोहीम निघाली, तेव्हा जवळजवळ तीन लाख अर्ज आले. स्थलांतर थांबवायच्या घोषणा देणाऱ्यांच्या स्वतःच्या घरीही आजी होती, आणि आजीला भरवणारी बाई बाहेरून आलेली होती.

अशा अभ्यासातली जी पद्धत मला सर्वांत पटते, ती फ्रँकफर्टच्या समाजशास्त्रज्ञ हेल्मा लुट्झ आणि एवा पालेंगा-म्योलेनबेक यांची. जर्मनीतल्या पोलिश बाईची मुलाखत घेऊन त्या थांबल्या नाहीत. त्यांच्या गटानं पोलंडमधल्या घरांत जाऊन मागे राहिलेल्या माणसांशीही बोलणी केली. तिथं साखळीची पुढची कडी दिसते: पोलिश बाई जर्मनीत जाते आणि पोलंडमधल्या घरांत युक्रेनहून आलेली बाई काम करते. मग युक्रेनच्या घरात कोण? तिथं बाहेरून कुणी येत नाही. तिथं आजी, मावशी किंवा थोरली मुलगी असते. साखळी तिथं संपते.

साखळीची ही कल्पना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांची. 2000 साली ती मांडताना रोम आणि लॉस एंजेलिसमधल्या फिलिपिनो बायकांवरचं ऱ्हासेल पारेन्यास यांचं संशोधन त्यांच्यापुढे होतं. श्रीमंत देशांनी पूर्वी गरीब देशांतून सोनं नेलं, आता माया नेतात, अशा अंगानं त्या मांडणी करतात. कल्पना ताकदीची आहे, पण मला ती पूर्ण पटत नाही. माया ही रांजणातल्या पाण्यासारखी नसते, की एकीकडे ओतली म्हणजे दुसरीकडे कमी पडावी. कमी पडतो तो वेळ. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवायला हात हजर नसतो.

मराठीत 'काळजी' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, घ्यायलाही आणि करायलाही. बादान्तेचं आयुष्य या दोन क्रियापदांत विभागलेलं असतं. मिलानोतल्या आजींची ती काळजी घेते आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या मुलाची काळजी करते. पगार फक्त पहिल्या क्रियापदाचा मिळतो.

मागे राहिलेल्या मुलांची गणती झाली तेव्हा रोमेनिया हादरला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युनिसेफच्या सहभागानं झालेल्या पाहणीनुसार देशातल्या सुमारे साडेतीन लाख मुलांचे आई, वडील किंवा दोघंही परदेशी होते. त्यातल्या सव्वा लाखांहून अधिक मुलांजवळ दोघांपैकी कुणीच नव्हतं. पोलंडच्या वर्तमानपत्रांनी अशा मुलांना 'युरो-अनाथ' म्हटलं. शब्द गाजला आणि बोट आईकडे गेलं: पैशासाठी पोरं टाकून गेली.

लुट्झ यांच्या गटानं आणि इतरांनीही या आरोपाची झडती घेतली. बाप वर्षानुवर्षं बाहेरगावी कमवायला गेला, तर त्या मुलांना अनाथ म्हणण्याची रीत कुठंच नाही. तो कर्ता पुरुष ठरतो. आई गेली की घर मोडलं. पारेन्यास यांना फिलिपिन्समध्येही हेच दिसलं. आई परदेशी गेल्यावर घरी असलेले बाप स्वयंपाक, अभ्यास, आजारपण फारसं अंगावर घेत नाहीत. ते आत्या-मावशी-आजीकडे जातं. परदेशातल्या आईकडून मात्र पैसेही हवे असतात आणि फोनवरून आईपणही. म्हणून मुलांच्या एकटेपणाचं सगळं खापर आईच्या जाण्यावर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. ती गेली नसती तर त्या पैशानं झालेलं शिक्षण आणि घराचं छप्पर कुठून आलं असतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. बापानं काय केलं, हाही नाही.

आता फोन आहे, व्हिडिओ आहे, मग दुरावा कमी झाला का? मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर या संशोधकांनी ब्रिटनमधल्या फिलिपिनो आया आणि मायदेशातली त्यांची मुलं, दोघांनाही हे विचारलं. उत्तरं जुळली नाहीत. आयांना वाटत होतं की फोनमुळे आपण पुन्हा आई झालो, गृहपाठ विचारता येतो, रागावता येतं. मुलांची उत्तरं संमिश्र होती. काहींना जवळीक वाटली, काहींना तो पाळत ठेवणारा डोळा वाटला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण फक्त आयांना विचारलं असतं तर तंत्रज्ञानानं प्रश्न सोडवला असं लिहून संशोधक मोकळे झाले असते.

घराच्या आत काय चालतं? इटलीतल्या करारानुसार घरात राहून काम करणाऱ्या बाईचे आठवड्याला जास्तीत जास्त 54 तास, शिवाय 36 तासांची सुट्टी. पण स्मृतिभ्रंश झालेले आजोबा रात्री दोनला उठून दाराकडे निघाले, तर कराराकडे कोण बघतं? तो तास काम की विश्रांती? जर्मनीत एका बल्गेरियन बाईनं हाच प्रश्न न्यायालयात नेला. बर्लिनमधल्या नव्वदी ओलांडलेल्या आजींसाठी तिला ठेवलं होतं, करारात आठवड्याला 30 तास लिहिले होते आणि प्रत्यक्षात ती रात्रंदिवस बांधलेली होती. जून 2021 मध्ये सर्वोच्च कामगार न्यायालयानं सांगितलं, की हाकेला ओ देण्यासाठी थांबून राहण्याचा वेळही कामाचाच आणि त्यालाही किमान वेतन लागू. निकाल ऐकून हजारो घरांचे हिशेब कोलमडले, कारण ते मुळातच तिच्या झोपेवर बेतलेले होते.

त्या झोपेची किंमत वैद्यकातही उमटली आहे. 2005 मध्ये युक्रेनच्या इव्हानो-फ्रँकिव्स्क शहरातल्या दोन मनोविकारतज्ज्ञांना इटलीहून परतलेल्या बायकांत सारखीच लक्षणं दिसली: झोप उडणं, खोल उदासी, आपण कुठल्याच घरच्या नाही ही भावना. त्याला 'इटली सिंड्रोम' हे नाव पडलं. अधिकृत रोगांच्या यादीत ते नाही, आणि सगळा त्रास असा आजार म्हणून मांडला की कामाच्या अटी बाजूला पडतात, असं काही समाजशास्त्रज्ञ बजावतात. दोन्ही म्हणणी मला खरी वाटतात.

ऑस्ट्रियानं 2007 मध्ये या कामाला कायद्याच्या चौकटीत बसवलं. साठ हजारांच्या आसपास बायका, बहुतेक स्लोव्हाकिया आणि रोमेनियाच्या, दोन ते चार आठवड्यांच्या पाळ्यांनी येतात-जातात. 2019 पासून तिथल्या सरकारनं ठरवलं, की मुलं स्वस्त देशात राहत असतील तर बालभत्ताही त्या प्रमाणात कापायचा. कर मात्र पूर्ण ऑस्ट्रियाच्या दरानं. युरोपीय न्यायालयानं जून 2022 मध्ये हा भेदभाव बेकायदा ठरवला. मधल्या काळात कोरोना आला, सीमा बंद झाल्या आणि घराघरांत पाळी बदलायला कुणी उरेना. मार्च 2020 अखेर बल्गेरिया आणि रोमेनियातून या बायकांना खास विमानानं व्हिएन्नाला आणलं गेलं, मे महिन्यात रोमेनियातल्या तिमिश्वारा शहरातून खास रात्रगाडी सुटली. ज्यांच्या मुलांचा भत्ता कापला होता, त्यांच्यासाठीच सीमा उघडावी लागली.

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत मुलगा म्युनिकला, सून तिथंच नोकरीला, आणि इकडे आईजवळ ब्युरोतून आलेली लातूर किंवा नांदेडकडची बाई, हे दृश्य आता नवं नाही. तिची मुलं गावी आजीजवळ असतात. फ्रँकफर्टच्या संशोधकांनी रेखाटलेली साखळी आपल्या जिन्यातूनही जाते. तिच्या सुट्टीचा वार मात्र आपल्याकडे ठरलेला नाही.

नव्वदच्या दशकात निघालेल्या त्या शिक्षिका आणि परिचारिका आता साठीला आल्या आहेत. पाठीचे मणके झिजलेले, कारण उठू न शकणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं पलंगावरून खुर्चीत त्यांनीच उचलून बसवलं. कागदांशिवाय काढलेल्या वर्षांचं पेन्शन नाही. परत जावं तर गाव रिकामं झालेलं: 1990 मध्ये रोमेनियाची लोकसंख्या दोन कोटी बत्तीस लाख होती, 2021 च्या जनगणनेत एक कोटी नव्वद लाख. मुलं बूट मागायच्या वयाची राहिली नाहीत, तीही बोलोन्या किंवा स्टुटगार्टला कामाला लागली आहेत. मनुष्यबळ कमी पडतं म्हणून रोमेनियानं 2022 मध्ये परदेशी कामगारांच्या परवान्यांची वर्षाची मर्यादा एक लाखावर नेली. बुखारेस्टमधल्या बांधकामांवर आणि हॉटेलांत आज नेपाळ, श्रीलंका आणि बांगलादेशातली माणसं दिसतात, आणि संध्याकाळी त्यांचेही फोन घरी लागतात.