पार्श्वभूमी : ‘छळ’ कायद्यात आला, ‘जाच’ बाहेर राहिला

सांगली-मिरज-कुपवाडच्या औद्योगिक पट्ट्यात कामाच्या ठिकाणच्या त्रासाचा विषय निघाला, की ‘छळ’ आणि ‘जाच’ हे दोन शब्द हमखास कानावर पडतात. बोलताना ते एकाच अर्थाने वापरले जातात. वृत्तपत्रांनी मात्र नकळत त्यांची वाटणी करून टाकली आहे. १९८३ मध्ये दंड संहितेत कलम ४९८-अ आल्यावर ‘विवाहितेचा छळ’ हा मथळा रुळला, तर कार्यालयातील प्रकरण ‘वरिष्ठांच्या जाचाला कंटाळून’ अशा शब्दांत छापले जाऊ लागले.

नोकरीच्या ठिकाणासाठी कायद्याने ‘छळ’ उचलला, तोही ‘लैंगिक’ हे विशेषण लावून. राजस्थानातील एका ग्रामीण कार्यकर्तीवर १९९२ मध्ये झालेल्या सामूहिक अत्याचारानंतर जी याचिका दाखल झाली, तिच्यातून १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि पुढची सोळा वर्षे त्यांनीच कायद्याची जागा भरून काढली. ९ डिसेंबर २०१३ पासून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र अधिनियम लागू झाला. त्यानुसार तक्रार फक्त महिलेची आणि फक्त लैंगिक छळाची घेतली जाते. पहिल्या लढ्याचा हेतू पाहता ही मर्यादा समजण्याजोगी आहे. पण त्यामुळे जाचाचे घोंगडे तसेच भिजत राहिले.

त्याला तोवर वाटच नव्हती, असे नाही. अनुचित कामगार प्रथा रोखणाऱ्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आकसाने कामावरून काढणे, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या आडून दुष्ट हेतूने बदली करणे, गुणवत्ता बाजूला ठेवून मर्जीतल्यांना झुकते माप देणे, अशा गोष्टी स्पष्ट नोंदवलेल्या आहेत. साखर कारखान्यांतील जुन्या कामगारांना ही अनुसूची चांगली परिचयाची आहे. मात्र तिचा आधार घ्यायचा तर बहुधा हातात काही आदेश असावा लागतो, आणि जाच करणारा माणूस सहसा लेखी आदेश काढत नाही. चारचौघांत पाणउतारा, रजेच्या अर्जावर आठवडाभर सही न करणे, चहाला सगळ्यांना बोलावून एकालाच वगळणे, याला जावक क्रमांक नसतो.

मोबाइल आल्यावर गुंता वाढला. रात्रपाळीत डुलकी लागलेल्या एखाद्या कामगाराचा फोटो सुपरवायझर खात्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, पहाटेपर्यंत त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते आणि सकाळी गेटवरचा रखवालदारही त्याला त्या फोटोवरून हाक मारतो. त्यात लैंगिक काही नाही आणि तक्रारदार पुरुष आहे, म्हणून लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कारखान्यातील अंतर्गत समितीचे दार बंद. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ २००९ मध्ये लागू झाले होते आणि त्रासदायक किंवा अपमानकारक संदेश त्यात बसू शकत होते. पण ते इतके सैल होते, की २०१२ मध्ये पालघर येथे समाजमाध्यमावरील एका साध्या मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरले. निर्णय योग्यच होता. मात्र रिकाम्या झालेल्या जागेत नेमके शब्द वापरून दुसरे कलम आणण्याचे राहून गेले. उरली बदनामी. तो अदखलपात्र गुन्हा असल्याने पोलिस ठाण्यातून ‘एनसी’ची नोंद घेऊन परतावे लागते. महिलांच्या बाबतीत स्थिती थोडी बरी आहे : पाठलागाच्या कलमात २०१३ पासून इंटरनेटवरील पाळतही धरली जाते आणि १ जुलै २०२४ पासून तेच दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ आहे.

दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद लैंगिक छळाच्या २०१३ च्या मूळ अधिनियमातच होती. ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला या अधिनियमाखालील जिल्हा अधिकारी नेमण्यासाठी ३१ डिसेंबर आणि समित्यांसाठी ३१ जानेवारी २०२५ अशी मुदत घालून द्यावी लागली, यावरून अकरा वर्षांतील अंमलबजावणीचा अंदाज येतो. तासगाव परिसरातील शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या महिलेचे प्रकरण याच समितीकडे जाते. तक्रार तालुक्यातील समन्वय अधिकाऱ्याने स्वीकारून सात दिवसांत पुढे पाठवायची असते. तो अधिकारी कोणत्या कचेरीत बसतो, हे शेडच्या भिंतीवर लिहिलेले नसते. तिथे दर किलोच्या मजुरीचा दर तेवढा खडूने लिहिलेला असतो.