कप्पे भाषेवार की मालिकेवार? सीमाभागातल्या कॉमिक्स दुकानांमधल्या वादाची पार्श्वभूमी

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात निव्वळ कॉमिक्सवर चालणारे दुकान मिळणे कठीण. कॉमिक्स मिळतात ती वह्या, गाईड आणि पेनांच्या दुकानात मागच्या भिंतीला, बसस्टँडवरच्या स्टॉलवर किंवा जुन्या पुस्तकांच्या ढिगात. अलीकडे यातल्या काही दुकानदारांनी गिऱ्हाइकाकडे नीट लक्ष द्यायला सुरुवात केली आहे. कोणाला कोणता भाग हवा आहे याची नोंद ठेवायची, माल आला की व्हॉट्सअ‍ॅपवर मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा, पाने सुटलेला अंक कुरकुर न करता बदलून द्यायचा, असे हे बदल आहेत. त्यांना कोणाचा विरोध नाही. वाद एकाच गोष्टीवर होतो, ती म्हणजे कप्पे कसे लावायचे. मराठीचा कप्पा, कन्नडचा कप्पा, हिंदी, इंग्रजी अशी भाषेवार मांडणी ठेवायची, की एका मालिकेची, एका नायकाची सगळी पुस्तके भाषा न पाहता एकत्र ठेवायची? बाहेरून आलेल्या माणसाला हा किरकोळ प्रश्न वाटेल. इथे राहणाऱ्याला तसा तो वाटणार नाही.

फार मागे जायचे कारण नाही. 1952 मध्ये मराठी ‘चांदोबा’ आला. मद्रासहून निघणाऱ्या त्या मासिकाची कन्नड आवृत्ती त्याआधीच सुरू झाली होती. 1964 मध्ये मुंबईच्या एका वृत्तपत्रसमूहाने ‘इंद्रजाल’ ही कॉमिक्सची मालिका काढली आणि वेताळ (इंग्रजीतला फँटम) मराठी बोलू लागला. 1967 पासून ‘अमर चित्र कथा’, 1971 पासून ‘किशोर’. इंद्रजाल आधी महिन्याने, मग पंधरवड्याने आणि 1980 च्या दशकात आठवड्याने निघू लागले. माझी स्वतःची ओळख इथून पुढची, त्यामुळे या दशकाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

तेव्हा कॉमिक्स विकत घेणारी मुले थोडी आणि भाड्याने नेणारी पुष्कळ. गल्लीतल्या एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत, किराणा दुकानाच्या कोपऱ्यात, सायकल भाड्याने देणाऱ्याच्या फळीवर सुतळी ताणलेली असे आणि तिच्यावर अंक मधोमध उघडून टांगलेले असत. या जागेला सगळे ‘लायब्ररी’ म्हणत. मुलगा ‘मेंबर’ असे, आधी ‘डिपॉझिट’ भरी आणि दिवसाचे काही पैसे भाडे देई. तिथेच पायरीवर बसून वाचले तर भाडे कमी. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत पायरीवर जागा मिळत नसे.

या लायब्रऱ्यांची सेवा आजच्या कोणत्याही मोजमापाने उत्तम होती, असे माझे स्पष्ट मत आहे. मालकाकडे एक लांबोडकी वही असे. प्रत्येक मेंबराच्या नावापुढे त्याने नेलेल्या अंकांचे क्रमांक. ‘पुढे चालू’वर संपलेल्या अंकाचा दुसरा भाग आला की मालक शाळेतून परतणाऱ्या पोराला रस्त्यावरच हाक मारून सांगे. एकच अंक दोघांना हवा असेल तर आधी कोणाचा नंबर, हे वही बघून ठरे आणि त्यावर भांडण चालत नसे. आमच्या मालकांना मराठी, कन्नड, हिंदी आणि थोडी उर्दूही येत होती. समोरच्या मुलाचा चेहरा पाहून ते ‘काय पायजे बाळ’ म्हणत किंवा ‘एन बेक्री’ म्हणत. लहान पोरालाही कन्नडमधला आदरार्थी ‘री’ लावून बोलत. ते ‘री’ ऐकून माझा कन्नड मित्र ताठ उभा राहायचा.

आता कप्प्यांकडे येऊ. भाषेवार मांडणी ही सीमावादाची देणगी आहे, असे हल्ली दोन्ही बाजूंचे लोक धरून चालतात. मराठी माणूस म्हणतो, आपला कप्पा आपण टिकवला. कन्नड माणूस म्हणतो, यांनी आपला कप्पा वेगळा काढला. माझ्या पाहण्यातल्या दुकानांपुरते तरी हे खरे नाही. कारण साधे होते आणि ते हिशेबाच्या वहीत होते.

मराठी आणि हिंदी अंक येत मुंबई-पुण्याकडून, कोल्हापूरच्या बाजूने. कन्नड अंक येत हुबळीच्या बाजूने. मुंबईकडून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आणि मिरजेपासून बेळगाव, लोंढ्याकडे मीटरगेज अशी रेल्वेची स्थिती होती. गठ्ठे मिरजेला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागत. पावसाळ्यात ते ओले होत आणि कधीकधी दोन आठवड्यांचे अंक एकदम येत. म्हणजे दोन वाटा, दोन एजंट, दोन उधारीची खाती. न विकलेले अंक एजंटाला परत करायची मुदतही दोघांची वेगळी. परतीच्या दिवशी दुकानदाराला मराठी-हिंदीचा गठ्ठा एका फळीवरून आणि कन्नडचा दुसऱ्या फळीवरून काढून मोजता आला पाहिजे. एकत्र मिसळलेले अंक वेगळे करत बसायला त्याला वेळ नव्हता, आणि एकाचा अंक दुसऱ्याच्या परतीत गेला तर पैसे बुडत. मांडणी भाषेवार झाली ती अशी.

त्या मांडणीत वाचकाची गैरसोय होतीच. चांदोबाचे मराठी आणि कन्नड अंक बघा. मुखपृष्ठावरची चित्रे ओळखीची, आतला विक्रम तोच, खांद्यावरचे प्रेत तेच, लिपी तेवढी वेगळी. तरी एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला. माझ्या एका मित्राची आई मराठी आणि वडील कन्नड. तो दोन्ही टोकांना फेऱ्या मारी. मराठी अंक आला नसेल तर कन्नडमध्ये वाचून घेई आणि आम्हाला पायरीवर बसून मराठीत सांगे. अशी मुले या भागात अपवाद नाहीत.

पुढे काय झाले हे ठाऊक आहेच. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत घराघरांत केबल आली. सुतळ्या उतरल्या, डिपॉझिट परत द्यायला काही मालकांकडे पैसे नव्हते म्हणून त्यांनी त्याबदली अंक दिले. आज जुन्या बाजारात चढ्या भावाने विकले जाणारे कित्येक अंक असेच घरी आलेले आहेत. वह्या रद्दीत गेल्या. नुकसान खरे तर तिथे झाले, कारण कोणाला काय आवडते हे दुकानाला माहीत असणे ही गोष्टच संपली. उरलेल्या दुकानांत कॉमिक्स हा शालेय पुस्तकांच्या हंगामानंतरचा भरणा होऊन बसला. काउंटरवरच्या पोराला स्वतःला त्यात रस नसे. ‘आहे ते तिथं आहे, बघा’ हे उत्तर मी गेल्या वीस वर्षांत किती वेळा ऐकले असेल त्याची गणती नाही. एका दुकानात तर सगळे अंक प्लॅस्टिकमध्ये बंद करून स्टेपल मारलेले होते. पाच वर्षांच्या पोराने चित्र बघायला मागितले तर ‘आधी घ्या, मग बघा’ म्हणाले. ते पोर माझ्या भावाचे होते आणि ते परत त्या दुकानात यायला तयार झाले नाही.

या मधल्या काळात भाषेचा प्रश्न मात्र तापत गेला. 2004 पासून सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगाव शहराचे नाव बदलून बेळगावी झाले. कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्याने शाळांत कन्नड शिकणे सक्तीचे झाले. 2024 च्या सुरुवातीला दुकानांच्या फलकावर 60 टक्के मजकूर कन्नड हवा, ही दुरुस्ती आली. चर्चा होती दारावरच्या फलकाची, पण तिचे पडसाद आतल्या फळ्यांवर उमटले. ‘मराठी’ अशी चिठ्ठी लावलेला कप्पा ठेवावा की नाही, याची धास्ती काही दुकानदारांनी घेतली. काहींनी सगळ्याच चिठ्ठ्या काढून टाकल्या. हिशेबासाठी झालेली मांडणी या टप्प्यावर पहिल्यांदा भूमिका म्हणून वाचली जाऊ लागली.

आणि नेमक्या याच काळात त्या मांडणीचे मूळ कारण नाहीसे झाले होते. आज परतीचा व्यवहार जवळजवळ उरलेला नाही. माल बहुतेक ठिकाणी रोखीने, ‘फर्म’ येतो. घेतला तो घेतला, विकला नाही तर पडून. चारही भाषांचा माल एकाच घाऊक विक्रेत्याच्या एकाच बिलात येऊ शकतो. एजंटवार गठ्ठे मोजायचे नाहीत, तर भाषेवार फळ्या कशाला? मालिकेवार मांडणी मागणाऱ्यांचे हे म्हणणे मला पटते. आजचा नऊ-दहा वर्षांचा गिऱ्हाईक घरी मराठी बोलतो, इंग्रजी माध्यमात शिकतो, शाळेत कन्नड लिहितो आणि टीव्ही हिंदीत बघतो. तो कोणत्या कप्प्यासमोर उभा राहणार? तो नायक शोधत येतो. त्या नायकाची चारही भाषांतली पुस्तके एका जागी दिसली, तर निदान मराठीतही आहे हे त्याला कळते. वेगळ्या कप्प्यात ती त्याच्या नजरेला पडतच नाहीत. मुलगा इंग्रजीच्या कप्प्याकडून थेट काउंटरवर जातो.

दुसरी बाजूही खोटी नाही. आजोबा नातवाला घेऊन येतात आणि दारातच विचारतात, ‘मराठी कुठंय?’ त्यांना एक बोट दाखवता आले पाहिजे. मराठी पुस्तके मुळात थोडी. ती इतरांत विखुरली की दुकानात मराठी उरलेच नाही असे दिसते, आणि या गावात तसे दिसणे मनाला लागते. कन्नड वाचकाचीही तीच तक्रार आहे, कारण इंग्रजीच्या लोंढ्यात त्याची भाषाही बुडते. हे बोलणारे लोक हट्टी नाहीत. ज्यांनी शाळेच्या वर्गखोल्या कमी होताना पाहिल्या, त्यांना फळी कमी होणे चालत नाही, एवढेच आहे.

परदेशातल्या दुकानांचे दाखले या चर्चेत सारखे येतात. अमेरिकेत 1970 च्या दशकात परत न करण्याच्या अटीवर, जास्त सवलतीने माल घ्यायची पद्धत कॉमिक्सच्या दुकानांनी स्वीकारली. न खपलेला माल अंगावर पडू नये म्हणून मग गिऱ्हाइकाकडून महिन्याची यादी आधीच घेऊन ठेवायची रीत तिथे रुजली. तिचे कौतुक आपल्याकडे नवे म्हणून होते. आमच्या मालकांची लांबोडकी वही वेगळे काय करत होती? तिथे माल उरू नये म्हणून यादी, इथे अपुरा माल न्यायाने वाटला जावा म्हणून यादी. आज आपल्याकडेही माल फर्म येतो, म्हणजे वहीची गरज दोन्ही कारणांनी आहे. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, आल्यापासून तर फारच. शंभरावर खंड असलेल्या मालिकेचे पहिला, दुसरा आणि सातवा एवढेच खंड दुकानात असतील, तर तिसरा कोणाला हवा आहे हे माहीत असल्याशिवाय मागवणार काय?

मांगाने आणखी एक काम वाढवले आहे. तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. ‘पुस्तक उलटं बांधलंय, बदलून द्या’ म्हणून पालक परत येतात. काउंटरवरच्या माणसाने मागचे पान उघडून अर्धा मिनिट समजावले तर तेच पालक पुढचा खंड घेऊन जातात. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवले तर जात नाहीत. खऱ्या दोषाच्या बाबतीत ती पाटी टिकतही नाही. एखादा फर्मा (एकत्र छापलेल्या पानांचा गठ्ठा) दोनदा लागलेला, पाने गाळलेली, रंग सरकून चेहऱ्याबाहेर गेलेले, असा सदोष माल परत घेण्याचे नाकारणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिली नसेल तर 30 दिवस धरायचे. बिल न देणे हीदेखील त्यातलीच एक प्रथा. कॉमिक्सचे बिल मागणारा गिऱ्हाईक आपल्याकडे अजून विचित्र दिसतो, पण बिल असले की दुकानदारालाही घाऊक विक्रेत्याकडे तो अंक बदलून मागता येतो.

माझ्या माहितीतल्या एका दुकानाने कप्प्यांच्या वादावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. मांडणी मालिकेवार केली, प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर भाषेनुसार रंगीत पट्टी चिकटवली आणि दाराजवळ, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, मराठीची एक आणि कन्नडची एक अशा दोन फळ्या वेगळ्या ठेवल्या. एकच प्रत असेल तर ती कुठे ठेवायची, यावर मालक आणि त्यांचा मुलगा यांच्यात अजून एकमत नाही. मुलगा नवी वही ठेवतो, फोनमध्ये. वडील विचारतात, ‘त्यात बापाचं नाव लिहिलंस काय? पोरं नंबर बदलतात.’

कन्नडच्या फळीवर काही नवे येत असते. मराठीच्या फळीवर मी मागच्या आठवड्यात पाहिले, तर पौराणिक कथांच्या पुनर्मुद्रित प्रती, ‘किशोर’चे अंक आणि बाकी सगळा जुना माल होता. कोपरे दुमडलेले, आतल्या पानावर कोणत्या तरी बंद पडलेल्या लायब्ररीचा जांभळा शिक्का. नवे मराठी कॉमिक मागायला आलेल्या एका बाईंना मालकांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि दहा मिनिटे शोधून सांगितले की सध्या तरी हेच आहे. त्यांनी त्या बाईंचा नंबर वहीत लिहून घेतला.