मायक्रोब्लॉगिंग : संस्थांकडून होणारा वापर

एखादी संस्था, सरकारी खाते, कंपनी किंवा चळवळ मोजक्या अक्षरांच्या जाहीर नोंदी टाकता येणाऱ्या समाजमाध्यमावर स्वतःच्या नावाने खाते उघडते, तिथून माहिती देते आणि लोकांच्या प्रश्नांना सर्वांदेखत उत्तरे देते, त्या कामाला संस्थात्मक मायक्रोब्लॉगिंग म्हणतात. भारतात हे काम मुख्यतः ट्विटरवर वाढले. २००६ मध्ये सुरू झालेल्या या माध्यमाचे नाव जुलै २०२३ मध्ये ‘एक्स’ झाले, पण ‘ट्वीट करणे’ हे क्रियापद मराठीत तसेच राहिले आहे. मॅस्टोडॉन, थ्रेड्स आणि ब्लूस्काय ही याच जातीची इतर माध्यमे. ‘कू’ हे मराठीतही चालणारे भारतीय माध्यम जुलै २०२४ मध्ये बंद पडले आणि तिथे जमवलेले फॉलोअर त्याच्याबरोबरच गेले.

बहुतेक संस्था अशा खात्याकडे फुकटचे होर्डिंग म्हणून पाहतात आणि तिथेच चुकतात. हे खाते चौकशीच्या खिडकीसारखे चालवावे लागते. खिडकीवर माणूस नसेल तर वरची पाटी कितीही रंगीत असून उपयोग नसतो.

अक्षरमर्यादा आणि मराठी मजकूर

ट्विटरची मूळ १४० अक्षरांची मर्यादा एसएमएसवरून आली. एसएमएसची १६० अक्षरे, त्यांतली २० नावासाठी राखीव, उरली १४०. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही मर्यादा २८० झाली. पैसे भरणाऱ्या खात्यांना त्याहून लांब लिहिता येते, पण वाचणाऱ्याला आधी सुरुवातीचाच भाग दिसतो आणि पुढच्या मजकुरासाठी बटण दाबावे लागते. मॅस्टोडॉन व थ्रेड्सवर ५००, तर ब्लूस्कायवर ३०० अक्षरे चालतात.

एक्सवर देवनागरीची मोजणी डोळ्यांना दिसते तशी होत नाही. काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह प्रत्येकी एक धरले जाते. ‘महाराष्ट्र’ वाचताना चार अक्षरे दिसतात, मोजणीत मात्र दहा भरतात. म्हणून इंग्रजी मजकूर २८० मध्ये बसवून मग त्याचे भाषांतर करण्याची कार्यालयीन पद्धत हमखास फसते आणि शेवटचे वाक्य, म्हणजे बहुधा तारीख आणि ठिकाण, छाटले जाते. मजकूर मराठीतच लिहावा आणि कधी, कुठे, कोणासाठी हे पहिल्या ओळीत घ्यावे. लिंक कितीही लांब असली तरी २३ धरली जाते आणि इमोजी दोन. जनमत चाचणीत जास्तीत जास्त चार पर्याय देता येतात आणि प्रत्येकाला २५ अक्षरे मिळतात. ‘उद्या संध्याकाळी सहा वाजता’ हा साधा पर्याय मोकळ्या जागा धरून २६ होतो, म्हणजे बसत नाही.

चित्रे एका नोंदीत चारपर्यंत जोडता येतात. संपूर्ण परिपत्रक स्कॅन करून चिकटवणे ही सरकारी खात्यांची आवडती सवय. मोबाइलवर ते वाचता येत नाही, शोधात सापडत नाही आणि अंध व्यक्तीला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यातले काहीच कळत नाही. चित्रासोबत वर्णन लिहिण्याची सोय असते, तिथे १००० अक्षरे मावतात. निदान परिपत्रकाचा गाभा तरी तिथे टाकावा.

खाते उघडताना

हँडल, म्हणजे @ नंतर येणारे खात्याचे नाव, जास्तीत जास्त १५ अक्षरांचे असते आणि त्यात रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा एवढेच चालते. वर दिसणारे नाव मात्र ५० अक्षरांपर्यंत आणि मराठीत ठेवता येते. खात्याची ओळख (बायो) १६० अक्षरांत बसवायची. तिथे संस्थेचे ब्रीदवाक्य टाकण्यापेक्षा काम, गाव, संकेतस्थळ आणि उत्तरे मिळण्याची वेळ लिहिलेली बरी. प्रोफाइलचे चित्र ४०० बाय ४०० पिक्सेलचे लागते आणि ते साधारणपणे गोल कापून दिसते, त्यामुळे आडव्या बोधचिन्हाच्या दोन्ही कडा जातात. वरच्या पट्टीसाठी १५०० बाय ५०० पिक्सेल.

जन्मतारखेच्या रकान्यात संस्थेचा स्थापना दिवस भरू नये. संस्था नवी असली तर वय १३ वर्षांखाली भरते आणि खाते कुलूपबंद होते. वर्धापनदिनाच्या उत्साहात ही चूक अनेक खात्यांकडून झालेली आहे. सोडवून घ्यायला अर्ज, ओळखपत्र आणि वाट पाहणे, असा सगळा सोपस्कार करावा लागतो.

खाते संस्थेच्या ईमेलवर उघडावे. हौशी स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर उघडलेले खाते तो गाव किंवा नोकरी बदलतो तेव्हा त्याच्याबरोबरच जाते. एकच पासवर्ड पाच जणांत फिरवण्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःच्या खात्यातून काम करू देणारी प्रतिनिधी नेमण्याची सोय वापरावी. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय, हवीच, पण मार्च २०२३ पासून एसएमएसवरची पडताळणी फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळते. इतरांनी पडताळणीचे अॅप वापरावे आणि आणीबाणीचे कोड कागदावर उतरवून कार्यालयात ठेवावेत. खाते चोरीला जाण्याची किंमत असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेला २३ एप्रिल २०१३ रोजी कळली. चोरांनी त्यांच्या खात्यावरून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याची खोटी बातमी टाकली आणि अमेरिकेचा शेअर बाजार काही मिनिटांसाठी कोसळला.

खात्याच्या नावापुढची निळी खूण हा २००९ पासून ओळखीचा पुरावा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती महिना आठ डॉलरला विकत मिळू लागली. लगेचच एली लिली या औषध कंपनीच्या नावाने कोणीतरी खूण घेतली आणि इन्सुलिन आता मोफत असल्याचे जाहीर केले. खऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. त्यानंतर कंपन्यांसाठी सोनेरी आणि सरकारी खात्यांसाठी राखाडी खूण आली. छोट्या संस्थेला सोनेरी खूण परवडत नाही. तिने स्वतःच्या संकेतस्थळावर, पत्रकांवर आणि पावत्यांवर हँडल छापावे. खरे खाते कोणते हे ओळखायला लोकांना तेवढे पुरते.

उत्तरे देणे

३१ मार्च २०२३ रोजी ट्विटरने आपल्या शिफारस प्रणालीचा काही भाग जाहीर केला. कोणती नोंद वर दाखवायची हे ठरवताना वाचक काय करील याचा अंदाज बांधला जातो आणि प्रत्येक कृतीला वजन असते. त्या वेळच्या तक्त्यात पसंतीला ०.५, रिट्वीटला (नोंद पुढे पाठवण्याला) १, उत्तराला १३.५, आणि आलेल्या उत्तराची मूळ लेखकाने दखल घेण्याला ७५ वजन होते. तक्रार केली जाण्याला उणे ३६९. हे आकडे पुढे बदलत गेले, पण संस्थेने स्वतः उत्तरे देण्याला किती महत्त्व आहे हे त्यांवरून दिसते. ‘आवडले तर रिट्वीट करा’ अशी विनवणी करण्यापेक्षा आलेल्या दहा प्रश्नांना उत्तरे दिलेली जास्त कामाला येतात.

भारतात याचा धडा रेल्वेने घालून दिला. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, म्हणजे २०१४ ते २०१७ या काळात, प्रवासी चालत्या गाडीतून डॉक्टर, बाळासाठी दूध, डब्याची सफाई अशा मागण्या ट्वीट करू लागले आणि त्या पुऱ्या होऊ लागल्या. मंत्र्यांचे खाते हे त्याचे दिसणारे टोक. खरे काम विभागीय कार्यालयांच्या खात्यांनी केले. तक्रार योग्य विभागाकडे टॅग व्हायची आणि पुढच्या स्थानकावर माणूस उभा राहायचा. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या खात्याचेही तेच. पासपोर्ट हरवलेल्या माणसाला उत्तर मिळायचे कारण मागे दूतावास हलत होते. मागे यंत्रणा नसताना नुसते ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असे लिहिणारी खाती लोकांचा राग वाढवतात, कारण तेच वाक्य खाली पन्नास जणांना चिकटवलेले सगळ्यांना दिसते.

चांगला क्रम असा : आधी जाहीर उत्तर, त्यात पुढे काय होणार आणि केव्हा, मग तपशिलासाठी खासगी संदेश, काम झाल्यावर पुन्हा त्याच ठिकाणी जाहीर नोंद. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग बघणाऱ्याला तक्रार तशीच पडून असल्यासारखी दिसते. फोन नंबर, पीएनआर, खाते क्रमांक जाहीरपणे मागू नये आणि कोणी लिहिला तर काढून टाकायला सांगावे. बँका आणि रेल्वे यांना केलेल्या तक्रारींवर भामटे टपून असतात. मिळत्याजुळत्या नावाच्या खात्यावरून ‘मदत’ देऊ करतात आणि लिंक पाठवतात. उत्तराला उशीर झाला की त्या मधल्या वेळात फसवणूक होते.

कमी माणसे असलेल्या संस्थेने दिवसातून दोन ठरावीक वेळा बसून उत्तरे द्यावीत आणि त्या वेळा ओळखीत लिहाव्यात. शिवीगाळीला उत्तर नको. रागावलेल्या पण खऱ्या तक्रारीला मात्र द्यावे. हा फरक ओळखणारा माणूस खात्यावर बसवावा लागतो, म्हणून सर्वांत नवख्या प्रशिक्षणार्थीवर हे काम ढकलणे महागात पडते.

आवाज आणि विनोद

मुंबई पोलिसांचे खाते डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले आणि हेल्मेट, दारू पिऊन गाडी चालवणे, पासवर्डची काळजी यांवरच्या कोट्यांमुळे गाजले. त्याची नक्कल पुष्कळांनी केली, पण त्याच खात्यावर तक्रारींनाही उत्तरे मिळतात हे मात्र घेतले नाही. नुसता विनोद राहिला की ते मीमचे पान होते. सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळयान कक्षेत पोचले तेव्हा इस्रोने यानाच्या तोंडून प्रथमपुरुषी बोलणारे खाते उघडले. नासाच्या मंगळावरील क्युरिऑसिटी या गाडीच्या खात्याने त्याला ‘नमस्ते’ केले आणि दोन यंत्रांचा तो संवाद जगभर फिरला. स्वीडनने तर २०११ ते २०१८ या काळात देशाचे अधिकृत खाते दर आठवड्याला एका सामान्य नागरिकाच्या हाती दिले. असले धाडस करणाऱ्याने अधूनमधून होणाऱ्या वादाचीही तयारी ठेवावी. स्वीडनला ती ठेवावी लागली होती.

हॅशटॅग

ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना याने विषय जोडण्यासाठी # चिन्ह सुचवले. हे चिन्ह लावलेला शब्द म्हणजे हॅशटॅग, थोडक्यात टॅग. त्यात मोकळी जागा किंवा जोडरेघ आली की तिथेच टॅग तुटतो, अधोरेषा चालते. इंग्रजीत प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करून शब्द वेगळे दाखवता येतात, देवनागरीत ती सोय नाही, म्हणून लांब टॅगमध्ये अधोरेषा घालावी. ऱ्हस्वदीर्घाचा फरक म्हणजे वेगळा टॅग. ‘शिवजयंती’ आणि ‘शीवजयंती’ यांच्या नोंदी एकत्र येत नाहीत. कार्यक्रमाचा टॅग एकदा ठरवून पत्रिकेवर, फलकावर आणि निवेदकाच्या कागदावर एकच छापावा. मराठीआरटी या खात्याने २०१७ मध्ये भरवलेल्या ट्विटर संमेलनात वेगवेगळ्या साहित्यविषयांना वेगवेगळे टॅग दिले होते. कोणी कशात लिहायचे हे त्यामुळे सोपे झाले.

चालू टॅग वापरण्याआधी त्याखाली लोक काय लिहीत आहेत ते वाचावे. सप्टेंबर २०१४ मध्ये डिजॉर्नो या अमेरिकन पिझ्झा कंपनीने ‘व्हाय आय स्टेड’ (मी का राहिले) या टॅगवर पिझ्झ्याचा विनोद केला. तो टॅग घरगुती हिंसा सोसलेल्या स्त्रियांचा होता. कंपनीने काही मिनिटांत नोंद काढली आणि पुढे एकेकाची माफी मागत बसली. उलट बाजूने, जानेवारी २०१२ मध्ये मॅकडोनाल्ड्सने लोकांकडून गोड आठवणी मागवायला पैसे मोजून टॅग चालवला आणि आल्या त्या खराब अन्नाच्या कहाण्या. दोन तासांच्या आत मोहीम मागे घ्यावी लागली. ज्या विषयावर लोक आधीच नाराज आहेत तिथे मोकळा प्रश्न विचारू नये, नेमका विचारावा. ‘आमच्याबद्दल सांगा’ऐवजी ‘वाचनालय रविवारी सकाळी उघडे हवे की संध्याकाळी?’

चूक झाल्यावर

खासगी आणि संस्थेचे खाते एकाच फोनवर असले की कधीतरी चुकीच्या खात्यावरून नोंद जाते. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या खात्यावरून एका कर्मचाऱ्याच्या बिअर पार्टीची वार्ता गेली. संस्थेने ती काढली, चूक विनोदाने कबूल केली आणि त्या बिअरचे चाहते उलट देणग्या देऊ लागले. नोंद काढली तरी स्क्रीनशॉट राहतोच, त्यामुळे गुपचूप खोडण्यापेक्षा ‘आधीच्या नोंदीत तारीख चुकली होती, योग्य तारीख ही’ असे लिहावे. फुकट खात्याला नोंद दुरुस्त करता येत नाही.

आधी वेळ लावून ठेवलेल्या नोंदी हा दुसरा धोका. दुर्घटनेच्या दिवशी सवलतीची जाहिरात आपोआप झळकते. वेळापत्रक थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि सुट्टीच्या दिवशी तो कोणाकडे असेल, हे लिहून ठेवावे.

मोजणी आणि मालकी

फॉलोअरांची संख्या सर्वांत दिखाऊ आणि सर्वांत निरुपयोगी आकडा. विकत घेतलेले फॉलोअर तर प्रतिसादाचे प्रमाण खाली खेचतात. किती प्रश्न आले, किती सुटले, पहिले उत्तर किती वेळात गेले आणि लिंकवरून किती जण संकेतस्थळावर आले, हे दरमहा मोजावे.

२०२३ मध्ये ट्विटरने स्वयंचलित नोंदींची फुकट सोय आवळली तेव्हा न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने एप्रिलमध्ये गाड्यांच्या खोळंब्याच्या सूचना तिथे देणे थांबवले. कंपनीने सार्वजनिक सेवांना ती सोय परत दिल्यावरच सूचना पुन्हा सुरू झाल्या. त्याच वर्षी लॉगइन न केलेल्या वाचकाला खात्याच्या ताज्या नोंदी क्रमाने दिसणे बंद झाले. म्हणून पुराचा इशारा, परीक्षेची तारीख, निविदा अशी सूचना आधी स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून मग तिची लिंक द्यावी. लिंक असलेली नोंद कमी जणांपर्यंत पोचते असे मानले जाते, त्यामुळे काही जण लिंक पहिल्या उत्तरात देतात. तातडीच्या सूचनेत मात्र हा आडमार्ग नको, कारण लोक मूळ नोंदच पुढे पाठवतात. वर्षातून दोनदा सेटिंग्जमधून खात्याची संपूर्ण प्रत मागवून ठेवावी. ती यायला एक दिवस किंवा अधिक लागतो, आणि खाते कुलूपबंद झाल्यावर मागायला गेले तर ती मिळेलच असे नाही.