दोन दारांची गाडी आणि तान्ह्या बाळाची जागा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात पहिले बाळंतपण माहेरी होते आणि सव्वा महिना उलटला की बाळ-बाळंतीण सासरी येतात. पूर्वी हा प्रवास एसटीने किंवा भाड्याच्या जीपने होत असे, आता तो बहुधा घरच्या गाडीने होतो. गेल्या वर्षी कापूस विकून झाल्यावर माझ्या धाकट्या मावसभावाने गाडी घ्यायचे ठरवले, तेव्हा उतरत्या छताची, दोन दारांची गाडी त्याच्या मनात भरली होती आणि घरात पाळणा हलणार हेही ठरले होते. अशा गाडीत बाळाची वेगळी सीट, म्हणजे चाइल्ड सीट, नीट बसेल का, याचे उत्तर शोधायला आम्हाला थोडे भौतिकशास्त्र आणि एक मोजपट्टी लागली.

'कूपे' हा शब्द 'कापणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. मूळ अर्थाने कूपे म्हणजे दोन दारे, मागे उतरत जाणारे छत आणि आखूड मागची सीट असलेली गाडी. आपल्याकडे दोन दारांची म्हणून थार सर्वांच्या ओळखीची आहे, जरी तिचे छत उतरते नाही. उलट 2024 मध्ये आलेल्या टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट या गाड्यांना चार दारे असूनही केवळ उतरत्या छतामुळे कूपे म्हटले जाते. चाइल्ड सीट बसवताना दारांची अडचण वेगळी असते आणि छताची वेगळी, म्हणून गाडी पाहताना या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

पण मुळात सीट हवीच कशाला? मावशीने हेच विचारले होते, "बाप्पा, लेकराले मांडीवर घेतलं तं काय होते?" प्रश्न मायेचा होता, म्हणून उत्तरही नीट हिशेब करून द्यावेसे वाटले. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 16.7 मीटर. गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 9 किलोच्या बाळाला तेवढ्याच वेळात थांबवण्यासाठी सुमारे 1500 न्यूटन बल लागते, म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल वजन उचलण्याइतके. दीड क्विंटल कापसाचे बोचके कोणत्याही आईच्या हातात क्षणभरही टिकणार नाही, मग तिची पकड कितीही घट्ट असो. शिवाय आईने स्वतः सीट बेल्ट लावला नसेल, तर तिचे सगळे वजन बाळावर येते. समृद्धी महामार्गावर गाडी ताशी 120 वर असते, म्हणजे वेग दुप्पट झाला आणि गतिज ऊर्जा चौपट झाली.

तान्ह्या बाळाला सीटमध्ये मागच्या काचेकडे तोंड करून बसवतात, याचे कारण त्याच्या मानेत आहे. नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, तर मोठ्या माणसाचे साधारण एक सप्तमांश ते एक अष्टमांश. मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, त्यांत बराच भाग कूर्चेचा असतो. समोर तोंड असलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी अडते, डोके मात्र पुढे झेपावते आणि तो सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. पाठमोऱ्या सीटमध्ये हेच बल पाठ, खांदे आणि डोके यांवर पसरते आणि सीटचे कवच ते झेलते. 1960च्या दशकात स्वीडनचे प्राध्यापक बर्टिल आल्डमान यांना ही कल्पना अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. उड्डाणाच्या वेळचा प्रचंड दाब ते अंतराळवीर पाठीवर घेत असत. आज चाइल्ड सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर-129 नियमानुसार बाळ किमान 15 महिन्यांचे होईपर्यंत पाठमोरेच बसवायचे असते.

दोन दारांच्या गाडीची खरी परीक्षा या पाठमोऱ्या सीटमुळे होते, कारण ती लांबीला बरीच जागा खाते. गाडी पसंत करायच्या आधी सीट विकत किंवा उसनी आणून ती सोबत न्यावी, असा माझा आग्रह होता आणि शोरूममधल्या मुलानेही तो आनंदाने मानला. पहिल्या दोन दारांच्या गाडीत पुढची सीट दुमडून आम्ही बाळाची सीट आत नेली, बसवली आणि पुढची सीट जागेवर आणू लागलो, तर ती सीटच्या कवचावर अडकली. ती इतकी पुढे घ्यावी लागली की सहा फुटी मावसभावाचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. अशा बसण्यात अपघात झाला तर पुढच्या माणसाचे पाय आणि मांड्या धोक्यात येतात, म्हणून ही गैरसोय किरकोळ मानता येत नाही.

त्यानंतर सीट कशी जोडली जाते ते पाहावे. आयसोफिक्स पद्धतीत मागच्या सीटच्या पाठ आणि बैठकीच्या सांध्यात 6 मिलिमीटर जाडीच्या दोन पोलादी कड्या एकमेकींपासून 280 मिलिमीटरवर असतात, त्यांत सीटचे आकडे खटकन बसतात. कूपेमध्ये बैठक खोलगट आणि गुबगुबीत असल्याने या कड्या कधी कधी इतक्या आत असतात की बोटांना लागत नाहीत. सीटला टेकूचा पाय असेल तर तो गाडीच्या भक्कम तळावर टेकला पाहिजे, खालच्या कप्प्याच्या झाकणावर नाही. आयसोफिक्स नसेल तर गाडीचा पट्टा सीटभोवती फिरून पुरतो का, हे प्रत्यक्ष लावूनच कळते. बाजूला तोंड करून बसण्याच्या बाकड्यावर मात्र चाइल्ड सीट बसवूच नये. नवजात बाळाला साधारण 45 अंशांत रेलवावे लागते, कारण ते जास्त उभे बसले तर मान पुढे पडून श्वासनलिका दबू शकते. म्हणून बसवलेल्या सीटचा कलही पाहून घ्यावा.

यापुढची गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही. बाळाला आत ठेवणारी व्यक्ती पुष्कळदा ओली बाळंतीण असते आणि सिझेरियन झाले असेल तर तिला वाकणेही जड जाते. दोन दारांच्या गाडीत तिला पुढच्या सीटमागून आत शिरून, कमरेत वळून, हात लांबवून बाळ ठेवावे लागते. उतरत्या छताच्या गाडीत चार दारे असली तरी छताची कड कपाळाशी येते. शोरूममध्ये आम्ही बाळाऐवजी पाच किलो तांदळाची थैली घेतली आणि मावसभावाच्या पत्नीने ती तीन गाड्यांमध्ये ठेवून पाहिली. तिचे मत माझ्या सगळ्या मोजमापांपेक्षा मोलाचे ठरले. दोन दारांच्या गाडीचे दार लांब असते, त्यामुळे ते पूर्ण उघडण्याएवढी मोकळी जागा घराच्या फाटकात किंवा गोठ्याशेजारी आहे का, तेही मोजून घ्यावे. सीट शक्यतो मागे डावीकडे बसवावी, म्हणजे बाळाला रस्त्याच्या कडेने काढता येते.

एअरबॅगबद्दल एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर पाठमोरी चाइल्ड सीट कधीही ठेवू नये. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. मागची सीटच नसलेल्या गाडीत ती एअरबॅग बंद करण्याची सोय नसेल, तर ती गाडी बाळासाठी नाहीच.

कायद्यानेही हे आवश्यक आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार 14 वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास 1000 रुपये दंड आहे. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या, 2023 पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत मुलांच्या सुरक्षेचे 49 गुण असतात आणि त्यांतले 12 गुण चाइल्ड सीट गाडीत नीट बसते का यासाठी असतात. गाडीला एकूण किती तारे मिळाले एवढेच न पाहता मुलांचे गुण वेगळे विचारावेत. दोन दारे म्हणजे कमी सुरक्षा असा अर्थ मात्र काढू नये, कारण 2020 मध्ये अशीच चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या आंतरराष्ट्रीय संस्थेने दोन दारांच्या थारला मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले होते.

विदर्भात आणखी एक तपासणी करावी लागते, ती उन्हाची. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. कूपेची मागची काच आडवी पसरलेली असते, त्यामुळे दुपारचे ऊन थेट मागच्या सीटवर उतरते, आणि पाठमोऱ्या बाळाचे तोंड तर त्याच काचेकडे असते. काचेतून प्रकाश आत येतो, पण तापलेल्या सीटची उष्णता तितक्या सहज बाहेर जात नाही. दोन दारांच्या गाडीत मागच्या काचा बहुधा उघडत नाहीत आणि एसीचा झोत पाठमोऱ्या कवचामागे नीट पोहोचत नाही. म्हणून गाडीची फेरी दुपारी दोनच्या उन्हात मारावी, मागे बसून हवा अंगाला लागते का ते पाहावे. गाडी उभी असताना सीटवर पांढरे सुती दुपटे टाकावे, आणि बाळाला बसवण्याआधी धातूच्या बक्कलावर आपल्या मनगटाची आतली बाजू टेकवून पाहावी. चटका बसला तर ओल्या फडक्याने बक्कल पुसून, एसी चालू करून, बाळाला सावलीत घेऊन पाच मिनिटे थांबावे.