सिरॅमिक हीटरने वीज निम्मी लागत नाही

कोल्हापुरात उद्यमनगरापासून शिरोली एमआयडीसीपर्यंत एक समज वर्षानुवर्षं पक्का बसलाय: पाणी किंवा तेल तापवायच्या टाकीला सिरॅमिक हीटर लावा, बिल निम्म्यावर येईल. असं होत नाही. या हीटरला बॉबिन हीटरही म्हणतात; त्यात तापते ती नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार. सिरॅमिक तिला धरून ठेवतं आणि करंट बाहेर येऊ देत नाही, इतकंच. जॉब (कारखान्यात बनणारे सुटे भाग) धुवायच्या टाकीतलं 100 लिटर पाणी 25 वरून 85 अंशांवर न्यायला 7 युनिट लागणारच, हीटर कुठलाही असो.

मग तो घ्यायचा कशाला? बदलायच्या सोयीसाठी, आणि ही सोय खरोखर मोठी आहे. बॉबिन टाकीतल्या बंद, कोरड्या पाइपात सरकवलेला असतो. तार जळाली की मेन बंद करायचा, जुना ओढून काढायचा, नवा सरकवायचा. टाकीतलं पाणी किंवा तेल उपसावं लागत नाही. मात्र पाइपावर क्षाराचा पांढरा थर चढला की उष्णता आतच कोंडते आणि तार लवकर जाते, म्हणून तो वेळच्या वेळी खरवडा.

बिल कमी करायचंय? उघड्या टाकीतून सगळ्यात जास्त उष्णता वाफेवाटे जाते. आधी झाकण बसवा, मग बाजूंना ग्लासवूल (उष्णता अडवणारी काचतंतूंची लोकर) गुंडाळा.