आधी परवाना, मग पडदा : मराठी नाटकाच्या सेन्सॉरची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग लावायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. नाट्यक्षेत्रात या मंडळाला सगळे ‘सेन्सॉर’च म्हणतात. प्रमाणपत्र मिळेपर्यंत नाटक कागदावरच राहते, आणि हौशी मंडळींची स्पर्धेतली नाटकेही यातून सुटत नाहीत. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती आली कुठून, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

मूळ बंगालमध्ये आहे. 1876 साली, प्रिन्स ऑफ वेल्सच्या भारतभेटीनंतर, कलकत्त्याच्या रंगमंचावर एका राजनिष्ठ बंगाली वकिलाची यथेच्छ टिंगल झाली. सरकारने आधी तातडीचा वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोग कायदा आणला. बदनामीकारक, राजद्रोही किंवा अश्लील वाटेल तो प्रयोग बंद करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. ‘वाटेल’ म्हणजे अर्थातच सरकारला वाटेल. मराठी रंगभूमीला याचा सर्वांत मोठा फटका बसला तो कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ला. 1907 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. सरकारलाही ते कळलेच, आणि 1910 साली बंदी आली.

स्वातंत्र्यानंतर हे संपायला हवे होते. झाले वेगळेच. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली आणि पुढे अश्लीलता वगळण्याच्या अटीवर ती उठली. तमाशातले काय अश्लील, हे फड चालवणाऱ्यांना विचारून ठरले नाही. ते ठरवले पांढरपेशा अभिरुचीने. 1951च्या मुंबई पोलीस कायद्यातल्या 33व्या कलमाने सार्वजनिक करमणुकीवर परवान्याची सत्ता दिली, आणि 1954पासून संहिता तपासणारे मंडळ उभे राहिले. नाटक हा संस्कृतीचा विषय, पण त्याचा परवाना पोलीस कायद्यातून येतो. पुढे 2005 साली डान्सबार बंद करतानाही याच 33व्या कलमाला पुरवणी जोडली गेली. ती बंदी आधी उच्च न्यायालयाने रद्द केली आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

न्यायालयांची भूमिका तशी लवकर स्पष्ट झाली होती. लखनौत इप्टा (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) या नाट्यसंस्थेने प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेवरचे नाटक बसवले. मिळालेली परवानगी मागे घेतली गेली, तरी कलाकारांनी प्रयोग केला आणि खटला उभा राहिला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1956 साली 1876च्या कायद्यातल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. मात्र एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या राज्याला बांधत नाही. मुंबईतले मंडळ आपल्या वेगळ्या कायद्याच्या आधाराने चालतच राहिले.

1970च्या आसपास विजय तेंडुलकरांच्या नाटकांनी मंडळाची खरी परीक्षा घेतली. ‘गिधाडे’त गर्भपातानंतर साडीवर पडणारा रक्ताचा लाल डाग मंडळाला चालेना. डॉ. श्रीराम लागूंनी तो निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर निवेदन केले की हा निळा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा. माझ्या मते सेन्सॉरला यापेक्षा नेमके उत्तर मराठी रंगभूमीने दिलेले नाही. ‘सखाराम बाइंडर’ला मात्र अशी युक्ती पुरली नाही. 1972 साली तेरा प्रयोगांनंतर नाटक थांबवले गेले आणि निर्माते-दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले. ते जिंकले. तरी रस्त्यावरचा विरोध निकालाने थांबला नाही, आणि खटला चालू असताना बुडालेले प्रयोग कुणी भरून देत नाही. कादंबरी दोन वर्षांनी सुटली तरी तीच राहते. नाटकाचे तसे नसते: नटांच्या तारखा निघून जातात, नाट्यगृह दुसऱ्याला मिळते, संच विस्कटतो.

त्याच वर्षीच्या ‘घाशीराम कोतवाल’ची गोष्ट न्यायालयाच्या मर्यादा दाखवते. तिथे सरकारने हात घातला नाही. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ब्राह्मणविरोधाच्या आरोपांनंतर स्वतःच 19 प्रयोगांवर नाटक थांबवले. संस्थेनेच माघार घेतली तर दाद मागायची कुणाविरुद्ध? कलाकार बाहेर पडले, 1973 साली थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि नाटक पुन्हा सुरू झाले.

मंडळ स्वतंत्र नाही, हे सर्वांत उघड झाले 1998 साली. प्रदीप दळवी यांचे ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ मंडळाने मंजूर केले होते. संसदेत गदारोळ झाला, केंद्राने सल्ला दिला आणि शिवसेना-भाजपच्या राज्य सरकारने प्रयोग थांबवले. नाटक कुणाला पटो न पटो (मला पटत नाही), मंडळाच्या शिक्क्याची किंमत त्या दिवशी कळली. पुस्तकरूपातल्या संहितेच्या जप्तीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2001 साली रद्द केला, तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. जमावाच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, ती जपणे हे राज्याचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सांगून ठेवले होतेच.

एकेक आदेश रद्द होतो, व्यवस्था तशीच उरते. तमिळनाडूत ती मुळापासून हलली: तिथला 1954चा नाट्यप्रयोग कायदाच मद्रास उच्च न्यायालयाने 2013 साली घटनाबाह्य ठरवला. 1876चा ब्रिटिश कायदा संसदेने 2018 साली कालबाह्य कायद्यांच्या गठ्ठ्यात रद्द केला. दादरच्या तालमीच्या हॉलमध्ये त्याने काहीच बदलले नाही, कारण इथले बंधन त्या कायद्यावर उभे नव्हते. ते पोलीस कायद्यातल्या नियमांवर आहे. त्याच नियमांना अमोल पालेकरांनी 2016 साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. एखाद्या नाटकावरची बंदी उठवा, अशी ती याचिका नव्हती. प्रयोगाआधी संहिता तपासून घेण्याची सक्तीच अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या 19व्या कलमात बसत नाही, असे तिचे म्हणणे होते.